सेमेलवाइसची अर्धी गोष्ट

विज्ञान शिकवणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी सेमेलवाइसची गोष्ट वर्गात कधी ना कधी सांगितलेली असते. सूक्ष्मजीवांचा धडा आला की ती हटकून आठवते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात बाळंतिणी सूतिकाज्वराने मरत होत्या. एका तरुण डॉक्टरला त्याचं कोडं पडलं. त्याने एकेक शंका तपासून बाजूला सारली. मग त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून तसल्याच आजाराने गेला आणि याला उत्तर सापडलं. त्याने सगळ्यांना हात धुवायला लावले, मृत्यू थांबले. पण अहंकारी वरिष्ठांनी त्याचं ऐकलं नाही आणि तो बिचारा वेड्यांच्या इस्पितळात मेला. तास संपायला दोन मिनिटं उरलेली असतात. "म्हणून मुलांनो, हात धुवा," असं म्हणून आपण फळा पुसतो.

मीही ही गोष्ट अशीच सांगत आले, जवळजवळ पंधरा वर्षं. मुलं तल्लीन होऊन ऐकायची, त्यामुळे तिच्यात काही कमी आहे असं कधी वाटलं नाही. ते वाटलं एका वॉर्डात.

काही वर्षांपूर्वी आईच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. तिच्या कॉटच्या समोरच भिंतीवर एक मोठा फलक होता: 'जंतुसंसर्ग टाळणे ही आपली जबाबदारी आहे.' खाली सूचना होत्या. रुग्णाच्या कॉटवर बसू नये. जखमेला हात लावू नये. एका वेळी एकाच नातेवाइकाने थांबावे. शेवटची सूचना नवी होती: तपासण्यापूर्वी डॉक्टर व परिचारिका यांनी हात धुतले आहेत का, हे विचारण्यास रुग्णांनी संकोच करू नये. वाचून मला बरं वाटलं. जग पुढे गेलं आहे, असं वाटलं.

सकाळी राउंडला सात-आठ जण आले. शेजारच्या कॉटवरच्या बाईंची जखम उघडून पाहिली, मग आईची. मध्ये कोणी हात धुतले नाहीत. धुणार कुठे? बेसिन वॉर्डच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथे साबण असेलच अशी खात्री नाही. मला सेमेलवाइस तोंडपाठ होता. समोर फलक होता, त्यावर मला विचारायची रीतसर परवानगी होती. मी तोंड उघडलं नाही. यांच्याच हातात उद्याही आई असणार आहे, एवढाच विचार मनात होता.

सहाव्या दिवशी टाके लाल झाले, मग पू आला. मुक्काम अकरा दिवसांनी लांबला. तो संसर्ग कुठून आला हे कोणालाच सांगता येणार नाही. माझ्या हातूनही आला असेल. सलाईनची नळी सरळ करताना, तिची उशी नीट करताना मी दर वेळी कुठे हात धुतले होते? पण भिंतीवरचा फलक मात्र रोज मला सांगत होता की जबाबदारी 'आपली' आहे. या 'आपली'मध्ये नेमकं कोण कोण येतं, हा प्रश्न घेऊन मी घरी आले आणि ती जुनी गोष्ट पुन्हा वाचायला काढली.

सेमेलवाइसची गोष्ट शिक्षकांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट शूर वीराच्या चरित्राची. तिच्याबद्दल पुढे बोलू. दुसरी वाट जास्त भारदस्त आहे. कार्ल हेम्पेल या तत्त्वज्ञाने १९६६ साली नैसर्गिक विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर एक छोटं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि वैज्ञानिक पद्धत समजावण्यासाठी सुरुवातीलाच हे उदाहरण घेतलं. तेव्हापासून 'गृहीतक मांडा, त्यावरून अनुमान काढा, तपासा, टाकून द्या' हे शिकवताना जगभर सेमेलवाइस पुढे येतो. हेम्पेलचं लेखन नितळ आहे. गर्दीमुळे मृत्यू होतात का? नाही, दुसऱ्या विभागात गर्दी जास्त आहे. मरणासन्न बाईकडे घंटा वाजवत जाणाऱ्या पाद्र्याच्या भीतीने होतात का? घंटा बंद केली, फरक पडला नाही. बाळंतपणाच्या वेळी झोपण्याच्या पद्धतीमुळे? बदलून पाहिली, फरक नाही. एकेक दार बंद होत जातं आणि शेवटी एकच उघडं राहतं. वर्गासाठी याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण. मी ते यापुढेही वापरणार आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. हेम्पेलच्या कथनात दुसऱ्या विभागातल्या गर्दीचं एक कारण जाता जाता येऊन जातं: बदनाम झालेला पहिला विभाग टाळण्यासाठी बायका जिवाचा आटापिटा करत होत्या. वाक्याचा एक तुकडा, की लेखक पुढे गेला. त्याच्या दृष्टीने ती गर्दीच्या गृहीतकातली एक किरकोळ बाब. मला वाटतं, गोष्टीचा अर्धा भाग त्या तुकड्यात आहे.

सेमेलवाइसचं स्वतःचं पुस्तक १८६१ साली जर्मन भाषेत निघालं. त्याचा के. कॉडेल कार्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो संक्षिप्त आहे, आणि मूळ पुस्तकाचा लांबलचक भांडखोरपणा पाहता ते वाचकाच्या सोयीचंच आहे. पुस्तकाचा पहिला भाग मात्र प्रत्येक विज्ञानशिक्षकाने वाचावा असा आहे. त्यातले तक्तेच आधी पाहू.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात गरीब बायकांचं बाळंतपण फुकट होई, आणि त्या बदल्यात शिकाऊ मंडळींनी त्यांच्यावर शिकायचं, असा व्यवहार होता. १८४० पासून पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकू लागले, दुसऱ्यात सुईणी. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणं झाली आणि १,९८९ बायका दगावल्या. दुसऱ्यात १७,७९१ बाळंतपणांमागे ६९१. म्हणजे एकीकडे शंभरात जवळजवळ दहा, दुसरीकडे चार. पहिल्या विभागातलं प्रमाण दुसऱ्याइतकंच असतं तर किती बायका वाचल्या असत्या, हे गणित आठवीतली मुलं करू शकतात: उत्तर बाराशेच्या आसपास येतं. एकट्या १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० पैकी ४५९ गेल्या, दुसऱ्यात ३,७५४ पैकी १०५. शिवाय सेमेलवाइस बजावतो की खरा फरक याहूनही मोठा होता, कारण पहिल्या विभागातल्या आजारी बायकांना कधी कधी मुख्य रुग्णालयात हलवत आणि मग त्यांचे मृत्यू तिकडच्या खात्यावर पडत. आकडेवारी वाचताना 'मोजलं कुठे?' हे विचारायची सवय मुलांना लावायची असेल, तर हे उदाहरण तयारच आहे.

आता त्या बायका. दोन विभागांचे भरतीचे दिवस वाटलेले होते. दारात आलेल्या बाईला कळे की आज पहिल्या विभागाची पाळी आहे. मग ती गुडघे टेकून, हात जोडून विनवणी करी की मला इथे घेऊ नका, दुसऱ्या विभागात जाऊ द्या. हे सेमेलवाइसनेच नोंदवून ठेवलं आहे. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. नाडी जोरात धावते आहे, जीभ कोरडी पडली आहे, अंग तापाने फणफणलं आहे, आणि अशी बाई डॉक्टरांना ठासून सांगते की मला काहीही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. कारण तिने पाहिलेलं असतं की डॉक्टरांचे उपचार सुरू झाले की पुढे काय होतं.

काही बायका वाटेतच, रस्त्यात बाळंत होऊन रुग्णालयात येत. त्यांच्यात सूतिकाज्वराचं प्रमाण कमी होतं. हेम्पेल हे सांगतो, आणि एक चांगलं निरीक्षण म्हणून सांगतो. ते आहेच. बाळंत होऊन आलेल्या बाईला विद्यार्थी आतून तपासत नसत, हे त्याचं कारण पुढे उलगडलं. पण रुग्णालयाच्या खाटेपेक्षा व्हिएन्नाचा रस्ता सुरक्षित आहे, हे डॉक्टरांच्या तक्त्यात उमटण्याआधी शहरातल्या गरीब बायकांना ठाऊक होतं. रुग्णाची जबाबदारी म्हणून आज आपण जे जे फलकावर लिहितो, ते सगळं त्या बायकांनी केलेलं होतं. माहिती ठेवली. धोका ओळखला. तोंडाने सांगितलं, गुडघे टेकून सांगितलं. त्याला गृहीतकाचा मान कोणी दिला नाही. बायकांची भीती म्हणून ते सोडून दिलं गेलं. इतकंच काय, 'भीतीमुळेच ताप येतो' असंही एक स्पष्टीकरण त्या काळी चालत होतं! म्हणजे आजाराची जबाबदारीही पुन्हा आजाऱ्यावरच.

मार्च १८४७ मध्ये याकोब कोलेच्का हा सहकारी गेला. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या शरीरात दिसलेले बदल बाळंतिणींच्या शरीरात दिसणाऱ्या बदलांसारखेच होते. मग सेमेलवाइसचा तर्क जुळला: विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी शवविच्छेदन करतात आणि तेच हात घेऊन बाळंतिणी तपासतात, सुईणी शवविच्छेदन करत नाहीत. एप्रिलमध्ये पहिल्या विभागातलं मृत्यूचं प्रमाण शंभरात अठरावर गेलं होतं. मेच्या मध्यापासून हात क्लोरीनच्या पाण्यात धुण्याचा नियम झाला. पुढे खर्च कमी व्हावा म्हणून ब्लीचिंग पावडरचं पाणी आलं. जूनमध्ये प्रमाण दोनच्या थोडं वर, जुलैत सव्वाच्या आसपास. १८४८ च्या अख्ख्या वर्षात ३,५५६ बाळंतपणांमागे ४५ मृत्यू, आणि मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत एकही नाही.

आपली गोष्ट सहसा इथे टाळ्या घेते. पण ऑक्टोबर १८४७ मध्ये काय झालं, ते आपण गाळतो. गर्भाशयाच्या कर्करोगाची, पू वाहत असलेली एक बाई त्या दालनातल्या पहिल्या खाटेवर होती. तपासणी नेहमी तिच्यापासून सुरू होई. तिला तपासल्यावर हात नुसत्या साबणाने धुऊन डॉक्टर पुढच्या खाटेकडे जात. तिच्याबरोबर बाळंत झालेल्या बारा बायकांपैकी अकरा गेल्या. हात धुण्याचा नियम सुरू होऊन पाच महिने झाले होते, आणि तपासणाऱ्यांमध्ये खुद्द सेमेलवाइस होता.

हा प्रसंग हेम्पेलही देतो. त्याच्या लेखी इथे गृहीतक रुंद झालं: प्रेतातलेच कण असं नाही, जिवंत शरीरातलं कुजकं द्रव्यही ताप आणतं. बरोबर आहे. पण मी आता हाच प्रसंग दुसऱ्या नजरेने वाचते. क्लोरीनच्या पाण्याचं भांडं होतं कुठे? दालनाच्या दाराशी. नियम काय होता? आत येताना धुवा. प्रेताकडून बाळंतिणीकडे येणारी वाट त्या भांड्याने अडवली होती. खाटेकडून खाटेकडे जाणारी वाट मोकळी होती. चूक ना निष्काळजी विद्यार्थ्याची, ना गर्विष्ठ वरिष्ठाची. ज्या माणसाने नियम केला त्याच्याच हातून, नियम पाळत असताना, अकरा बायका गेल्या. त्यानंतर प्रत्येक तपासणीनंतर क्लोरीनने हात धुणं आलं, आणि संसर्ग पसरवू शकणाऱ्या बायकांना वेगळं ठेवणं आलं.

वीरचरित्राच्या वाटेने येणाऱ्या गोष्टीत याला जागाच नसते. तिथे एक शहाणा आणि भोवती सगळे मूर्ख लागतात. खरं पाहता त्याचं म्हणणं काही जणांनी ताबडतोब उचललं होतं. ज्यांनी नाकारलं त्यांच्यात गर्व होता, तशा खऱ्या शंकाही होत्या: सूतिकाज्वराला कुजकं सेंद्रिय द्रव्य हे एकच कारण, असं तो हट्टाने म्हणे, आणि जंतूंचा सिद्धान्त तेव्हा यायचा होता. लुई पास्तरने या तापाच्या रुग्णांमध्ये साखळीसारखे जंतू दाखवले ते १८७९ मध्ये. आणि पहिलेपणाचंच म्हणाल तर स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने १७९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की हा ताप डॉक्टर आणि सुईणी एका घरून दुसऱ्या घरी नेतात. त्याने ७७ रुग्णांचा तक्ता छापला आणि प्रत्येकीपुढे बाळंतपण कोणी केलं त्याचं नाव घातलं. आपण स्वतः पुष्कळ बायकांपर्यंत हा ताप नेला, अशी कबुलीही दिली. शहर त्याच्यावर उलटलं. तो पुन्हा नौदलात गेला आणि १७९९ मध्ये क्षयाने वारला.

हे नाव छापणं, बोट दाखवणं, कबुली देणं या साऱ्या प्रकरणात फार वेळ थांबावंसं वाटतं, कारण 'जबाबदारी' म्हटलं की आपल्या मनात पहिल्यांदा हेच येतं. कील शहरातल्या गुस्ताव मिखाएलिस या प्रसूतितज्ज्ञाने क्लोरीनची पद्धत लगेच स्वीकारली. स्वीकारल्यावर त्याला उमगलं की त्याने ज्या नात्यातल्या बहिणीचं बाळंतपण केलं होतं, ती त्याच्यामुळे गेली. १८४८ मध्ये त्याने आगगाडीखाली जीव दिला. सेमेलवाइसही आपल्या पुस्तकात कबूल करतो की आपल्याइतकी शवविच्छेदनं करणारे प्रसूतितज्ज्ञ थोडे, तेव्हा आपल्यामुळे मेलेल्या बायकांची गणती देवच जाणे. पण तोच माणूस युरोपातल्या प्राध्यापकांना खुली पत्रं लिहून खुनी म्हणू लागला. पुस्तकाचा दुसरा भाग याच सुरात आहे, आणि तो कंटाळवाणा आहे हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पानंच्या पानं कोणाचं काय चुकलं याची. १८४७ साली याच माणसाला कळलं होतं की चांगल्या हेतूच्या, नियम पाळणाऱ्या हातांनीही माणूस मरतो. त्या शहाणपणाचा या पानांवर मागमूस नाही.

मध्येच एक वेगळा प्रसंग येतो. पेस्टच्या विद्यापीठ-रुग्णालयात हात धुणं काटेकोर असूनही मृत्यू वाढले, तेव्हा त्याने शोध घेतला. दोष निघाला चादरींचा. धुऊन आल्या म्हणून पसरलेल्या चादरींवर आधीच्या बाळंतिणींचे डाग तसेच होते. आता यात धोबी आला, त्याला काम देणारा आला, बिलं पास करणारा कारकून आला. जबाबदारीची यादी कुठवर लांबते ते पहा. आमच्या वॉर्डातल्या फलकावर यांच्यापैकी कोणाचाच उल्लेख नव्हता.

विसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रश्न पुन्हा नीट मोजला गेला. जिनिव्हाच्या विद्यापीठ-रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पाहिलं की हात स्वच्छ करायला हवेत अशा शंभर वेळांपैकी ४८ वेळाच ते केले जातात. हे श्रीमंत देशातलं, शिकलेल्या माणसांचं रुग्णालय. आणि जिथे काम जास्त, तिथे प्रमाण कमी. म्हणजे ज्या रुग्णांना सर्वांत जास्त वेळा हात लागतात, त्यांच्याच बाबतीत हात कमी धुतले जातात. ही अनीती की गणित? १९९७ मध्ये फॉस आणि विडमर यांनी एक साधा हिशोब छापला. अतिदक्षता विभागात एका पाळीला बारा कर्मचारी आहेत असं धरलं. प्रत्येकाने जेव्हा जेव्हा हवे तेव्हा बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुतले, तर सगळ्यांचे मिळून सोळा तास त्यात जातात. पाळी आठ तासांची धरली तर दोन माणसं दिवसभर फक्त हात धुतील! तेच काम खाटेपाशी ठेवलेल्या अल्कोहोलच्या द्रावाने केलं तर तीन तासांत होतं.

जिनिव्हात त्यांनी तेच केलं. द्रावाची बाटली खाटेपाशी आणि खिशात आली, भिंतींवर चित्रं लागली, व्यवस्थापन मागे उभं राहिलं. १९९७ पर्यंत ४८ चे ६६ झाले. त्याच काळात संसर्ग झालेल्या रुग्णांचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर उतरलं. सगळं श्रेय त्या एका बाटलीला देता येणार नाही, कारण तुलनेला दुसरं रुग्णालय नव्हतं. बाटली सर्वत्र चालते असंही नाही. हात दिसण्याइतके मळले असतील किंवा काही विशिष्ट जुलाबांचे बीजाणू असतील तर साबण-पाणीच हवं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. साबणाने हात धुण्याचं प्रमाण या वर्षांत फारसं हललं नाही. वाढलं ते अल्कोहोल वापरण्याचं. माणसं तीच होती. भांडं दारातून खाटेपाशी आलं होतं. सुधारणा झाली ती परिचारिकांमध्ये. डॉक्टरांचं प्रमाण कमीच राहिलं, हेही त्यांनी प्रामाणिकपणे छापलं आहे.

मग रुग्णांनी विचारण्याचं काय? तो प्रयोगही झाला आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला रुग्णांना शिकवलं की तुम्हाला हात लावण्याआधी 'हात धुतलेत का?' असं विचारा. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हात धुणं वाढलं. पण विचारलं कोणाला? सगळ्या रुग्णांनी परिचारिकांना विचारलं; डॉक्टरांना विचारणारे शंभरात ३५. हे वाचून मला माझी आठवण झाली आणि थोडा धीरही आला. जिनिव्हातले आकडे आणि हे आकडे शेजारी ठेवून पहा: ज्यांना विचारण्याची गरज जास्त, त्यांनाच विचारलं जात नाही. विचारण्याचा हक्क भिंतीवर लिहून मिळतो, पण झोपलेल्या माणसाने उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं असतं, आणि ती उंची फलकाने कमी होत नाही. ज्या वॉर्डात प्रमुख डॉक्टर स्वतः 'मला विचारा' म्हणतात आणि विचारल्यावर रागावत नाहीत, तिथलं वेगळं. नाहीतर ती सूचना म्हणजे पुढे काही झालं तर 'तुम्हाला सांगितलं होतं' असं म्हणायची सोय.

याचा अर्थ रुग्णाने काहीच करायचं नाही, असा मी मुळीच काढत नाही. टाके बोटांनी चाचपायचे नाहीत, शौचानंतर आणि जेवणाआधी हात धुवायचे, ताप आला किंवा जखम दुखू लागली तर लपवायचं नाही, हे त्यालाच करावं लागतं. आपल्याकडे तर गोष्ट आणखी पुढची आहे. आपल्या सरकारी काय किंवा मध्यम खासगी काय, रुग्णालयांत रुग्णाची अर्धी शुश्रूषा नातेवाईक करतात. भरवतात, अंग पुसतात, बेडपॅन रिकामं करतात, लघवीचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचवतात, रात्री कॉटखाली चटई टाकून झोपतात. व्हिएन्नाच्या किंवा ऑक्सफर्डच्या चित्रात हा माणूस नाही. तो रुग्ण नाही, कर्मचारीही नाही; काम कर्मचाऱ्याचं करतो आणि शिकवण कोणाचीच मिळालेली नसते. आईपाशी होते त्या दिवसांत एका संध्याकाळी एका सिस्टरने दहा मिनिटं काढून आम्हा चौघी-पाच जणींना हात कसे धुवायचे, कधी धुवायचे आणि नळीला हात का लावायचा नाही ते दाखवलं. तिच्याकडे त्या वेळी तीसेक रुग्ण होते. हे तिचं काम म्हणून कुठे लिहिलेलं होतं की नाही, कोण जाणे. फलकाने जे केलं नाही ते त्या दहा मिनिटांनी केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे श्रीमंत देशांत तातडीच्या उपचारांसाठी दाखल झालेल्या शंभर रुग्णांपैकी सात जणांना रुग्णालयात संसर्ग होतो; गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना. या सात आणि पंधराच्या मधलं अंतर तिथल्या लोकांच्या सद्गुणांचं नाही.

यंदा मी आठवीत गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली. आधी तक्ते दिले, नावं न सांगता. मग दारात गुडघे टेकणाऱ्या बायका सांगितल्या. मग दालनाचा नकाशा फळ्यावर काढला, खाटा एका ओळीत, आणि विचारलं, भांडं कुठे ठेवाल? बहुतेकांनी दाराशी ठेवलं. मग ऑक्टोबरमधल्या त्या पहिल्या खाटेची हकिगत सांगितली आणि भांडं पुन्हा ठेवायला लावलं. एका मुलीने प्रत्येक दोन खाटांमध्ये एकेक काढलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, एवढी भांडी रोज भरणार कोण?" सेमेलवाइसच्या गोष्टीवर मला आजवर आलेला हा सर्वांत चांगला प्रश्न.

त्याच पोरांनी मग आपल्या शाळेचा हिशोब मांडला. मधल्या सुट्टीत २४० मुलं जेवतात. हात धुवायचे नळ सहा, त्यांतले चालू चार. साबण लावून नीट हात धुवायला चाळीस सेकंद धरले, तर शेवटच्या मुलाचे हात धुऊन व्हायला चाळीस मिनिटं लागतात. सुट्टी तीस मिनिटांची, जेवणासकट. नळांच्या वर 'जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवा' असा फलक आहे. तो मीच करून घेतला होता. मुलांनी हिशोबाचा कागद मुख्याध्यापकांना नेऊन दिला. बंद असलेल्या दोन नळांचे वायसर बदलून झाले. आता हिशोब सव्वीस मिनिटं चाळीस सेकंदांवर आला आहे. साबण कोणी आणायचा, यावर शिक्षकांच्या खोलीत अजून वाद चालू आहे.